घरच्या शुश्रूषेचे उरलेले सरकारी पैसे : ऑस्ट्रेलियातील नव्या नियमांत त्यांचे काय करावे

ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सरकार जो पैसा देते, त्याची व्यवस्था १ नोव्हेंबर २०२५ रोजी बदलली. त्याआधी ‘होम केअर पॅकेज’ या नावाने चालणारी योजना संपली आणि ‘सपोर्ट ॲट होम’ ही नवी योजना सुरू झाली. ज्यांच्या पॅकेजमध्ये आदल्या दिवशी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, काही रक्कम न वापरता पडून होती, त्यांची ती रक्कम बुडाली नाही. ती त्यांच्याच नावावर राहिली आणि नव्या योजनेतही वापरता येते. मात्र ती कधी, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वापरायची याचे नियम आता वेगळे आहेत, आणि हा क्रम नीट न समजल्यामुळे कित्येक कुटुंबांत हक्काचे पैसे दर तीन महिन्यांनी हातचे जात आहेत. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

मेलबर्न आणि सिडनीत ज्या मराठी घरांत आईवडील मुलांबरोबर किंवा मुलांच्या जवळपास राहतात, त्यांपैकी अनेकांना हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे. आमच्या घरी तो सासूबाईंच्या निमित्ताने पडला. त्या ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना जुन्या योजनेतले तिसऱ्या पातळीचे पॅकेज होते आणि बदलाच्या दिवशी त्यात सुमारे ११ हजार डॉलर शिल्लक होते. ही रक्कम वापरू या असे मी सुचवले की त्यांचे ठरलेले उत्तर असे, “अगं, राहू दे ते पैसे. उद्या अंथरूण धरलं तर उपयोगी पडतील.” अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला ठेवण्याची ही सवय मला मनापासून आदरणीय वाटते, कारण त्याच सवयीवर आमच्या आधीच्या पिढीने संसार उभे केले. पण नव्या नियमांत हीच सवय वृद्ध माणसाच्या विरुद्ध जाते. सरकारने दिलेले हे पैसे म्हणजे साठवण्याची पुंजी नव्हे. स्टेटमेंटमध्ये दिसणारा शिल्लक आकडा हा बहुतेक वेळा न मिळालेल्या मदतीचा हिशेब असतो.

शिल्लक मुळात साठते कशी

जुन्या योजनेत पॅकेजच्या चार पातळ्या होत्या. पहिल्या पातळीला वर्षाला साधारण ११ हजार डॉलर, तर चौथ्या पातळीला ६० हजारांहून अधिक रक्कम मंजूर होत असे. ही रक्कम वृद्धांच्या बँक खात्यात कधीच जमा होत नसे. त्यांनी निवडलेली सेवासंस्था, जिला इथे सगळे ‘प्रोव्हायडर’ म्हणतात, ती घरकाम, आंघोळीला मदत, नर्सची भेट, फिजिओथेरपी, दवाखान्यात नेणे-आणणे, बागेची साफसफाई अशा सेवा पुरवत असे आणि त्यांचा खर्च या मंजूर रकमेतून वजा होत असे. वजा न झालेली रक्कम पुढे पुढे सरकत राही आणि तिच्यावर वरची मर्यादा नव्हती. म्हणूनच देशभरातील अशा शिल्लक रकमांची बेरीज अब्जावधी डॉलरांवर गेली होती.

सरकारी अहवालांत याची जी कारणे दिली जातात, ती आपल्याही घरांत दिसतात. कामाला माणसे मिळत नाहीत, सुचवलेली व्यक्ती दोन आठवडे येते आणि मग बदलते, मध्येच रुग्णालयात भरती व्हावे लागते. त्यांत आपली म्हणून काही कारणे मिळतात. परक्या बाईकडून आंघोळ घालून घ्यायला सासूबाई आजही तयार नाहीत. घरी आलेल्या मदतनीसाशी इंग्रजीत बोलायचे दडपण येते आणि मराठी किंवा निदान हिंदी बोलणारी व्यक्ती मिळेलच याची खात्री नसते. शिवाय मुलगा आणि सून घरात असताना बाहेरून माणूस बोलावणे म्हणजे त्यांना कमीपणा आणणे, असेही मनात असते. सरकारचा पैसा आपण उगाच खातो आहोत, हा संकोच तर फारच खोल असतो. तो दूर करायला आम्हाला दीड वर्ष लागले.

जुनी शिल्लक नेमकी कुठे असते

हे विचारल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही, कारण ‘शिल्लक’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या रकमा असू शकतात.

फेब्रुवारी २०१७ पासून पॅकेज हे प्रोव्हायडरच्या नव्हे तर त्या वृद्ध व्यक्तीच्या नावे दिले जाऊ लागले, म्हणजे प्रोव्हायडर बदलला तरी पॅकेज सोबत जाई. पण पैसे मात्र पूर्ण मंजूर रकमेने प्रोव्हायडरकडेच जमा होत आणि न वापरलेला भागही त्यांच्याकडेच राही. १ सप्टेंबर २०२१ पासून ही पद्धत थांबली. तेव्हापासून प्रोव्हायडरला फक्त प्रत्यक्ष दिलेल्या सेवांचे पैसे मिळू लागले आणि उरलेली रक्कम सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याकडे, त्या व्यक्तीच्या नावाच्या ‘होम केअर अकाउंट’मध्ये नोंदली जाऊ लागली. त्यामुळे ज्यांचे पॅकेज सप्टेंबर २०२१ च्या आधीपासून चालू आहे, त्यांच्या सरकारी शिल्लकीचा काही भाग अजूनही प्रोव्हायडरकडे असू शकतो आणि काही सरकारकडे. ज्यांचे पॅकेज त्यानंतर सुरू झाले, त्यांची सगळी सरकारी शिल्लक सरकारकडेच असते.

तिसरी रक्कम लहान असते, पण ती महत्त्वाची आहे, कारण ती सरकारची नाही. जुन्या योजनेत काही जण रोजचे मूळ शुल्क किंवा उत्पन्नावर आधारित शुल्क स्वतःच्या खिशातून भरत असत. त्या भरलेल्या पैशांतला न वापरलेला भाग हा त्या व्यक्तीचा स्वतःचा पैसा आहे. प्रोव्हायडरच्या कागदांत हे दोन वाटे वेगळे दाखवलेले असतात, एक सरकारी आणि एक सेवा घेणाऱ्याचा. हा फरक शेवटी, म्हणजे व्यक्ती योजनेतून बाहेर पडते तेव्हा, फार मोलाचा ठरतो आणि त्याकडे मी पुढे येईन.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. नवराबायको दोघांनाही मदत मंजूर असली, तरी दोघांचे पैसे स्वतंत्र असतात. आईंची शिल्लक बाबांच्या खर्चाला वळवता येत नाही.

तीन महिन्यांचे बजेट आणि हजार डॉलरची मर्यादा

नव्या योजनेत वर्षाच्या रकमेचे चार भाग केले जातात आणि जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या तारखेला एकेका तिमाहीचे बजेट उपलब्ध होते. गरजांचे नव्याने मूल्यमापन होऊन येणाऱ्यांसाठी चारऐवजी आठ श्रेणी आहेत. योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या श्रेणीला वर्षाला सुमारे १०,७०० डॉलर आणि आठव्या श्रेणीला सुमारे ७८,००० डॉलर असे आकडे जाहीर झाले. जे जुन्या पॅकेजमधून आले, त्यांना आधीच्या पातळीइतकेच बजेट चालू राहिले आणि नव्याने मूल्यमापन होईपर्यंत ते तसेच राहते. या तिमाही रकमेतले १० टक्के केअर मॅनेजमेंटसाठी, म्हणजे सेवांची आखणी, फोनाफोनी आणि देखरेख यांसाठी, आधीच बाजूला काढले जातात. राहिलेले ९० टक्के सेवांसाठी असतात.

आता खरा मुद्दा. तिमाही संपताना बजेट उरले, तर त्यातले जास्तीत जास्त १,००० डॉलर किंवा तिमाही बजेटचे १० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढेच पुढच्या तिमाहीत जाते. त्यावरचे सगळे परत सरकारजमा होते. उदाहरणार्थ, चौथ्या श्रेणीचे तिमाही बजेट साधारण ७,४०० डॉलर आहे. केअर मॅनेजमेंटचा भाग वजा जाता सुमारे ६,७०० डॉलर सेवांसाठी उरतात. समजा, त्या तीन महिन्यांत ३,००० डॉलरच्याच सेवा घेतल्या. मग उरलेल्या ३,७०० डॉलरपैकी १,००० पुढे जातील आणि २,७०० जातील ते गेलेच. जुन्या योजनेत हे २,७०० डॉलर शिल्लकीत पडून राहिले असते. नव्या योजनेत ते जुन्या शिल्लकीत जाऊन मिळत नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२५ ची शिल्लक ही बंद झालेली पेटी आहे. तिच्यातून काढता येते, तिच्यात नव्याने काही टाकता येत नाही.

आता यावर नवा क्रम ठेवून पाहा. घरकाम, आंघोळ, नर्स, फिजिओथेरपी, सोबत यांसारख्या नेहमीच्या सेवांसाठी आधी चालू तिमाहीचे बजेट वापरावे लागते. ते संपले, तरच जुन्या शिल्लकीला हात लावता येतो. म्हणजे जो माणूस काटकसर करून तिमाहीचे बजेट वाचवतो, त्याचे वाचलेले पैसे सरकारजमा होतात आणि जुनी शिल्लक मात्र जशीच्या तशी राहते, कारण तिची पाळीच येत नाही. सासूबाईंच्या बाबतीत पहिल्या पूर्ण तिमाहीत नेमके हेच घडले. आम्ही मनाशी समजत होतो की शिल्लक सुरक्षित आहे, मग घाई कशाला. शिल्लक सुरक्षित होतीच, पण तिच्याशेजारून दुसरेच पैसे निघून गेले, आणि ते कागदावर ठळक अक्षरांत कुठे लिहिलेले नव्हते. पुढच्या तिमाहीचा आरंभीचा आकडा आम्हाला अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तेव्हा हिशेब लागला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ज्यांच्याकडे जुनी शिल्लक आहे, त्यांनी तिमाहीचे बजेट निःसंकोचपणे, पुरेपूर वापरण्याची योजना करावी. आणीबाणीसाठी राखीव म्हणून जुनी शिल्लक आहेच. तिला मुदत नाही, ती व्यक्ती योजनेत असेपर्यंत टिकते. राखीव पैसा आणि रोजचा पैसा यांची गल्लत झाली की रोजचा पैसा बुडतो.

साधने आणि घरातले बदल यांचा क्रम उलटा आहे

चालण्याचा वॉकर, न्हाणीघरातली खुर्ची, उंच होणारा पलंग, भिंतीवर बसवायचे दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार, अशा गोष्टींसाठी नव्या योजनेत तिमाही बजेटखेरीज वेगळा निधी ठेवलेला आहे. गरजेप्रमाणे त्याच्या तीन पातळ्या आहेत. ५०० डॉलरपर्यंत, २,००० डॉलरपर्यंत आणि १५,००० डॉलरपर्यंत. ही तरतूद खरोखर चांगली आहे, कारण जुन्या योजनेत हे सगळे त्याच एका रकमेतून करावे लागे, आणि कित्येकांची शिल्लक साठण्याचे प्रामाणिक कारण ‘न्हाणीघरासाठी जमवतो आहोत’ हेच असे.

परंतु ज्यांच्याकडे जुनी शिल्लक आहे, त्यांना या वेगळ्या निधीकडे जाण्याआधी ती शिल्लक साधने आणि बदलांसाठी वापरावी लागते. ती पुरली नाही तरच निधीचे दार उघडते. नेहमीच्या सेवांसाठी शिल्लक शेवटी, आणि साधनांसाठी शिल्लक आधी, असा हा उलटा क्रम आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की शिल्लक न वापरता धरून ठेवल्याने नव्या निधीतून मिळू शकणारी मदतही मागे पडते. तेव्हा घरात काही बदल करायचे मनात असेल, तर जुन्या शिल्लकीचा पहिला आणि सर्वांत योग्य उपयोग तोच आहे.

आमच्याकडे न्हाणीघरात टबाच्या आतच शॉवर होता. सासूबाई डावा हात भिंतीवर टेकवून, उजव्या हाताने नळाची तोटी धरून, साडी गुडघ्यापर्यंत उचलून टबाची जवळजवळ दीड फूट उंच कड ओलांडत असत. मी दाराबाहेर उभी राहून कान देत असे. इतक्या वर्षांत त्या घसरल्या नाहीत, हे आमचे नशीब. अशा कामासाठी आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टला घरी बोलवावे लागते. त्या येतात, प्रत्यक्ष हालचाल पाहतात, उंची आणि पकड मोजतात आणि काय बदलावे याची लेखी शिफारस करतात. आमच्या थेरपिस्टबाईंनी सासूबाईंना रिकाम्या टबात कपड्यांनिशी उतरून दाखवायला सांगितले आणि त्यांचा हात आपसूक कुठे जातो तिथे पेन्सिलीने खूण केली. दांडा पुढे नेमका त्या खुणेवर बसला. टब काढून सपाट जमीन केली, घडीची खुर्ची भिंतीला लावली, आणि या सगळ्याला शिल्लकीतला निम्म्याहून अधिक भाग लागला. सासूबाईंना आता आंघोळीसाठी दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही, आणि परक्या माणसाचा जो संकोच आम्ही काही केल्या काढू शकलो नाही, त्याचा प्रश्नच उरला नाही.

उरलेल्या सुमारे पाच हजारांना आम्ही खरी राखीव रक्कम मानतो. रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे मदत दुप्पट लागते आणि तिमाही बजेट त्या वेगाला पुरत नाही. त्या वेळी बजेट संपल्यावर शिल्लकीचा आधार मिळतो. समजा, तासाचा दर १०० डॉलर असेल, तर पाच हजारांत ५० तासांची जादा मदत बसते, म्हणजे सहा आठवडे आठवड्याला आठ तासांहून थोडी अधिक. नव्या योजनेत पॅकेज मॅनेजमेंट म्हणून वेगळे शुल्क लावता येत नाही आणि प्रशासनाचा खर्च सेवेच्या दरातच धरला जातो, त्यामुळे तासाचे दर आधीपेक्षा मोठे दिसतात, आणि शनिवार-रविवार व सुट्टीच्या दिवशी ते आणखी चढतात. दर वाढत गेले की तीच शिल्लक कमी तासांना पुरते. अनिश्चित काळ धरून ठेवण्याविरुद्धचे हेही एक साधे कारण आहे.

किराणा, घरभाडे, सहलीचा खर्च किंवा विमानाचे तिकीट यांसाठी हे पैसे वापरता येत नाहीत. शुश्रूषा करणाऱ्या मुलाला किंवा सुनेला त्यातून पगार देण्याचीही सर्वसाधारणपणे मुभा नाही. जेवण तयार करून देण्याची सेवा मात्र घेता येते.

आपला वाटा किती

नव्या योजनेत सेवांचे तीन गट आहेत. नर्सिंग आणि फिजिओथेरपीसारख्या वैद्यकीय सेवांना वृद्धांना काहीच भरावे लागत नाही. स्वावलंबन टिकवणाऱ्या सेवांसाठी पूर्ण पेन्शन घेणारे ५ टक्के, तर पेन्शन न मिळणारे सधन लोक ५० टक्क्यांपर्यंत भरतात. घरकाम आणि बागकामासारख्या रोजच्या सेवांसाठी हेच प्रमाण १७.५ टक्के ते ८० टक्के आहे. आठवड्याची साफसफाई एकाएकी बंद करणाऱ्या अनेक घरांत हा शेवटचा आकडाच कारणीभूत आहे.

मात्र १२ सप्टेंबर २०२४ या तारखेला ज्यांचे पॅकेज चालू होते, जे त्यासाठी रांगेत होते किंवा ज्यांना ते मंजूर झालेले होते, त्यांना सरकारने संरक्षण दिले आहे. त्यांना जुन्या योजनेपेक्षा अधिक भरावे लागणार नाही, आणि ज्यांना त्या दिवशी उत्पन्नावर आधारित शुल्क लागू नव्हते, त्यांना नव्या योजनेतही सेवांसाठी वाटा द्यावा लागत नाही, पुढे श्रेणी वाढली तरीही. जुनी शिल्लक असलेल्यांपैकी पुष्कळ जण या संरक्षणात येतात आणि त्यांना ते माहीत नसते. पैसे भरावे लागतील या भीतीने सेवा नाकारण्याआधी आपण त्यात येतो का, हे विचारून घ्यावे.

मुलांनी बोलावून घेतल्यामुळे उतारवयात इथे आलेल्या मराठी आईवडिलांसाठी एक वेगळी सूचना आहे. वृद्धांच्या पेन्शनसाठी साधारणपणे १० वर्षांचे वास्तव्य लागते, त्यामुळे त्यांच्यापैकी अनेक जण पेन्शनधारक नसतात. त्यांनी उत्पन्न आणि मालमत्तेची माहिती सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाला कळवली नाही, तर त्यांना सर्वांत वरच्या दराने वाटा लावला जातो. भारतातले तुटपुंजे निवृत्तिवेतन आणि एखादी ठेव एवढेच असणाऱ्या माणसावर हा भार पडण्याचे काही कारण नाही. तो अर्ज वेळेवर भरावा.

तीन महिने पुण्याला जाताना

इथला हिवाळा टाळायला किंवा तिथल्या लग्नसराईला आईवडील दोन-तीन महिने गावी जातात. जुन्या योजनेत रजेचे नियम होते. नव्या योजनेत तिमाहीची चौकट हाच मुख्य नियम आहे. कोणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले आणि मार्चअखेर परतले, तर ती पूर्ण तिमाही सेवांविना जाते आणि हजार डॉलर किंवा १० टक्क्यांवरचे सगळे बजेट परत जाते. तोच प्रवास नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ठेवला, तर तो दोन तिमाहींत विभागला जातो. जाण्याआधीच्या सहा आठवड्यांत घराची मोठी साफसफाई, पायांची तपासणी, फिजिओथेरपीची ज्यादा सत्रे, आणि परतल्यावर प्रवासाचा शीण जाईपर्यंत वाढीव मदत, असे दोन्ही बाजूंनी बजेट उपयोगात आणता येते. जुन्या शिल्लकीला या प्रवासाने काही धक्का लागत नाही. जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा प्रोव्हायडरला लेखी कळवाव्यात, म्हणजे बंद घराच्या दारात माणूस येऊन परत गेल्याचे बिल लागणार नाही.

स्टेटमेंट वाचायची सवय

प्रोव्हायडरने दर महिन्याला स्टेटमेंट द्यायचे असते. आमच्याकडे ते चार पानांचे येते आणि पहिले वर्षभर ते न उघडताच खणात जात असे, हे मी कबूल करते. आता महिन्यातून एकदा, सासूबाईंच्या समोर बसून, भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ते ताडून पाहतो. त्या दिनदर्शिकेच्या चौकोनात कोण आले आणि किती वेळ थांबले हे सासूबाई स्वतः पेन्सिलीने लिहून ठेवतात. एका मंगळवारी बागकामाचे दोन तास लावलेले दिसले. त्या दिवशी दिवसभर पाऊस होता आणि चौकोन कोरा होता. ईमेल पाठवल्यावर ती रक्कम परत जमा झाली. मुद्दाम कोणी केले असेल असे मला वाटत नाही, पण न विचारता ती परत आली नसती.

पाहायचे असते ते एवढेच. तिमाहीचे बजेट किती होते, त्यातले आतापर्यंत किती गेले, मागच्या तिमाहीतून किती आले, आणि जुनी शिल्लक वेगळ्या ओळीत किती दाखवली आहे. तिमाहीच्या दुसऱ्या महिन्याचे स्टेटमेंट हाती पडते तोपर्यंत तिसरा महिना बराचसा उलटलेला असतो, म्हणून दुसरा महिना संपत आला की केअर मॅनेजरला फोन करून अंदाजे किती उरेल हे विचारावे. तेव्हा विचारले तर फिजिओथेरपीची चार सत्रे किंवा एक मोठी साफसफाई बसवायला वेळ असतो. शेवटच्या आठवड्यात विचारले तर माणूस मिळत नाही.

आणि दर तिमाहीला बजेट अपुरे पडू लागले, जुनी शिल्लक भराभर उतरू लागली, तर ती शून्यावर येण्याची वाट पाहू नये. माय एज्ड केअर या वृद्धांच्या शुश्रूषेसाठीच्या सरकारी सेवेला फोन करून ‘सपोर्ट प्लॅन रिव्ह्यू’, म्हणजे गरजांची फेरतपासणी, मागावी. नव्या श्रेणीसाठी बऱ्याचदा थांबावे लागते, आणि तो मधला काळ काढायला शिल्लक हाताशी असलेली बरी.

योजनेतून बाहेर पडताना

प्रोव्हायडर बदलला तर शिल्लक जात नाही. सरकारकडची रक्कम त्याच व्यक्तीच्या नावावर राहते आणि नव्या प्रोव्हायडरमार्फत वापरता येते. जुन्या प्रोव्हायडरकडे असलेला सरकारी भाग सरकारकडे परत जाऊन त्याच व्यक्तीच्या खात्यात नोंदला जातो. बाहेर पडण्याचे शुल्क घ्यायला १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे, तेव्हा त्या नावाखाली कोणी काही कापले असेल तर हरकत घ्यावी.

व्यक्ती कायमची वृद्धाश्रमात राहायला गेली, कायमची भारतात परतली किंवा निधन पावली, तर मात्र सरकारी शिल्लक सरकारकडे परत जाते. वारसांना ती मिळत नाही आणि वृद्धाश्रमाच्या खर्चालाही ती लागू होत नाही. ‘उद्या अंथरूण धरलं तर’ या विचारातली अडचण इथे दिसते, कारण अंथरूण धरल्यावर अनेकांना घर सोडावे लागते आणि ज्या दिवसासाठी पैसे जपले, त्याच दिवशी ते परत जातात. ज्यांना शेवटचे दिवस घरीच काढायचे आहेत त्यांच्यासाठी नव्या योजनेत स्वतंत्र सोय आहे. आयुष्य तीन महिने किंवा त्याहून कमी उरल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तर सुमारे २५ हजार डॉलरचा वेगळा निधी मिळू शकतो. ही सोय मी सासूबाईंना जेव्हा कागदावर दाखवली, तेव्हा शिल्लक जपण्याचा त्यांचा हट्ट पुष्कळ सैल झाला.

सेवा घेणाऱ्याने स्वतः भरलेल्या पैशांचा उरलेला भाग मात्र त्या व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना परत मिळायला हवा. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आत्ताच, सगळे ठीक असताना, ‘आमच्या शिल्लकीत सरकारचा वाटा किती आणि आमचा किती’ हे प्रोव्हायडरला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

माय एज्ड केअरचा क्रमांक १८०० २०० ४२२ आहे. प्रोव्हायडरशी मतभेद झाला, तर ‘ओपॅन’ या संस्थेचे प्रतिनिधी १८०० ७०० ६०० या क्रमांकावर विनामूल्य मदत करतात आणि वृद्धांच्या बाजूने बोलतात. औपचारिक तक्रार एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशनकडे १८०० ९५१ ८२२ वर करता येते. आईवडिलांना स्वतःच बोलायचे असेल, तर १३१ ४५० वर फोन करून मराठी दुभाषा मागावा आणि त्याच्यामार्फत यांपैकी कुठेही जोडून घ्यावे. सासूबाईंनी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा त्या ४० मिनिटे बोलल्या, आणि आम्ही जे प्रश्न कधी विचारले नव्हते ते त्यांनी विचारले, त्यांतला पहिला असा होता की संध्याकाळी देवळात सोडायला कोणी येईल का. त्यांना दर गुरुवारी एक जण नेते आणि आणते. त्याचे पैसे तिमाहीच्या बजेटमधून जातात.